पोलादाची सफाई आणि मोलगीचे मजूर

दिवाळी आटोपली, खळी उरकली की मोलगी आणि तिच्या आसपासच्या पाड्यांतून माणसे खाली उतरू लागतात. देवगोईचा घाट उतरला की अक्कलकुवा. आणि अक्कलकुव्यातून जाणारा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता धरला की गुजरातचे मैदान. या स्थलांतराची चर्चा आपल्याकडे होते ती मुख्यतः ऊसतोडीच्या अंगाने. दक्षिण गुजरातेतील साखर कारखान्यांचा ऊस तोडणारा कोयता सातपुड्यातून येतो, हे आता सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच रस्त्याच्या शेवटाला अंकलेश्वर, दहेज, हजिरा या औद्योगिक वसाहतीही आहेत. तेथे टाक्या आहेत, नळांची जाळी आहेत, जहाजांचे धक्के आहेत, पोलादी सांगाडे आहेत. आणि या सर्वांना रंग देण्यापूर्वी त्यांच्या अंगावरचा गंज काढून टाकण्याचे एक काम आहे. जो मजूर मुकादमाची उचल घेऊन घर सोडतो त्याला काम निवडण्याची मुभा नसते. ऊस संपला की वीटभट्टी, वीटभट्टी नसेल तर बांधकाम, आणि तेही नसेल तर जे पुढ्यात येईल ते. जे पुढ्यात येते त्यात सर्वांत घातक असे हे गंज काढण्याचे काम असू शकते, याकडे समाजवादी कार्यकर्त्यांचे जितके लक्ष जावयास हवे होते तितके गेलेले नाही.

‘ब्लास्टिंग’ म्हटले की सातपुड्यात सुरुंगाची आठवण होते. येथे अभिप्रेत असलेले ब्लास्टिंग निराळे. काँप्रेसरने हवा दाबायची, ती चौरस सेंटिमीटरला सुमारे सात किलोच्या दाबाने रबरी नळीतून सोडायची, त्या झोतात वाळूचे किंवा धातूचे कण मिसळायचे आणि नोजलमधून त्यांचा मारा लोखंडावर करायचा, अशी ही रीत आहे. गंज, जुना रंग, कारखान्यातून निघतानाच पत्र्यावर बसलेली काळी पापडी हे सारे त्या माऱ्याने उडून जाते. पृष्ठभाग नुसता स्वच्छ होत नाही, तर किंचित खरखरीतही होतो, आणि त्या खरखरीत अंगाला रंग घट्ट धरतो. ही पायरी नीट पार पडली नाही तर अतिशय महाग रंगसुद्धा वर्ष-दोन वर्षांत पोपडे धरून सुटतो. रंगकाम टिकते ते मुख्यतः त्याखालच्या सफाईमुळे. हात-ब्रशाने घासून हे काम साधत नाही. म्हणून पूल, तेलाच्या टाक्या, जहाजे, धरणांचे दरवाजे यांच्यापैकी एकाचेही ब्लास्टिंगवाचून चालत नाही, आणि ते बंद करा असे कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाही. प्रश्न माऱ्यासाठी कोणता कण वापरावयाचा आणि तो कोणत्या परिस्थितीत वापरावयाचा, एवढाच आहे.

सर्वांत स्वस्त आणि सर्वत्र मिळणारा कण म्हणजे नदीची वाळू. वाळूत गारगोटीचा, म्हणजे स्फटिकरूप सिलिकाचा, मोठा अंश असतो. वाळूचा कण पोलादावर आदळला की फुटतो आणि त्याचे पीठ होते. या पिठातला पाच-दहा मायक्रॉनांहून बारीक भाग डोळ्यांना दिसत नाही. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, यावरून त्याची कल्पना यावी. नाकातले केस आणि घशातला ओलावा जाड धूळ अडवतात; हा बारीक भाग मात्र फुप्फुसाच्या शेवटच्या पोकळीपर्यंत जाऊन बसतो. शरीर त्याला विरघळवू शकत नाही आणि बाहेरही काढू शकत नाही. त्याच्याभोवती व्रणासारख्या गाठी धरतात आणि फुप्फुस हळूहळू ताठर होत जाते. हा सिलिकोसिस. नुकत्याच फुटलेल्या गारगोटीची धूळ जुन्या धुळीपेक्षा अधिक दाहक असते, आणि सँडब्लास्टिंगमधली सगळीच धूळ नुकतीच फुटलेली असते. म्हणूनच खाणीत जो रोग वीस वर्षांनी दिसतो तो वाळूच्या माऱ्याखाली काम करणाऱ्यात काही वर्षांत, आणि धूळ फार असेल तर काही महिन्यांतही दिसू शकतो. त्याला औषध नाही. काम सोडल्यावरही तो थांबत नाही, वाढतच राहतो. शिवाय अशा फुप्फुसाला क्षयाची बाधा सहज होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये स्फटिकरूप सिलिकाची धूळ कर्ककारक ठरविली, ती गोष्ट आणखी वेगळी.

हे सारे जगाला नव्याने कळले आहे असे नाही. वाळूचा मारा करण्याच्या यंत्राचे पेटंट अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या बेंजामिन टिल्घमन यांनी १८७० मध्ये घेतले. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत त्या यंत्राने काय केले हे इंग्लंड-अमेरिकेतल्या कारखान्यांत दिसून आले, आणि १९४९ च्या विशेष नियमांनी ब्रिटनने ओतीव वस्तूंवर वाळूचा मारा करण्यास बंदी घातली. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने १९७४ मध्ये अशीच बंदी घालण्याची शिफारस केली. तेथील उद्योगाने ती मानली नाही, आणि पूर्ण बंदी त्या देशात आजही नाही. श्रीमंत देश म्हणजे कामगारांचा कैवारी, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी हे ध्यानात ठेवावे. तुर्कस्तानात तर लोखंडाचाही प्रश्न नव्हता. नवी जीन्स जुनी, विटलेली दिसावी एवढ्यासाठी कापडावर वाळू मारण्यात येई आणि खेड्यांतून आलेली विशी-पंचविशीतली मुले त्या कामापायी गेली; अखेर २००९ मध्ये तेथील सरकारला ती पद्धत बंद करावी लागली.

आपल्याकडे कायदा नाही असे म्हणणेही खरे नव्हे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ८७ व्या कलमान्वये धोकादायक ठरलेल्या प्रक्रियांमध्ये ब्लास्टिंगचा समावेश झाला. अनेक राज्यांच्या कारखाना नियमांतील त्याविषयीच्या परिशिष्टात वाळू अथवा मोकळा सिलिका असलेला कोणताही पदार्थ माऱ्यासाठी वापरू नये, अशी स्पष्ट तरतूद आली. बंदिस्त खोली हवी, धूळ ओढून घेणारी यंत्रणा हवी, आत उभ्या राहणाऱ्यास स्वच्छ हवेचा स्वतंत्र पुरवठा असलेले शिरस्त्राण हवे, ठराविक मुदतीने वैद्यकीय तपासणी हवी, हेही त्यात आहे. त्याच कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातील रोगांत सिलिकोसिस असून, असा रुग्ण आढळल्यास ८९ व्या कलमाखाली व्यवस्थापकाने आणि तपासणाऱ्या डॉक्टरने तो कळविला पाहिजे, असे बंधन होते. भोपाळच्या संहारानंतर १९८७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने हवेतील सिलिकाच्या धुळीची मर्यादाही कायद्यात घातली. कागदावर पाहिले तर मजुराच्या छातीभोवती एवढी तटबंदी उभी होती.

ती तटबंदी ‘कारखाना’ या शब्दाच्या आत होती, ही यातली मेख आहे. पुलाचा गर्डर उघड्या मैदानात साफ होतो, टाकी जागेवरच साफ होते, जहाज धक्क्यावर साफ होते. तेथे चार भिंती नसतात, मालकाच्या हजेरीपटावर या मजुरांची नावे नसतात, असतो तो एक ठेकेदार, त्याचा डिझेलवर चालणारा काँप्रेसर आणि पाच-सात माणसांची टोळी. बांधकाम मजुरांसाठी १९९६ चा कायदा झाला खरा, पण तो मजुरांची नोंदणी आणि कल्याण मंडळ यांच्यापुरताच लोकांना परिचित राहिला. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अंमलात आल्या असून कारखाना कायदा, ठेका मजुरांचा १९७० चा कायदा, आंतरराज्य स्थलांतरितांचा १९७९ चा कायदा आणि १९९६ चा हा कायदा, सारे एकाच संहितेत विलीन झाले आहेत. सुटसुटीतपणा आला असे सांगण्यात येते. तो आला कोणत्या दिशेने, हे पाहू. वीज वापरणाऱ्या कारखान्याची व्याख्या १९४८ च्या कायद्यात दहा कामगारांपासून सुरू होत असे. ती वीसांवर गेली. ठेका मजुरांच्या तरतुदी वीसांऐवजी पन्नासांपासून लागू होतात. स्थलांतरितांच्या तरतुदी पाचांवरून दहांवर गेल्या. धोकादायक उद्योगांतील कामगारांना दरवर्षी मोफत तपासणीची ग्वाही शासनाने दिली आहे, आणि धोकादायक कामाच्या बाबतीत संख्येची अट न पाहता संहिता लागू करण्याचा अधिकारही सरकारने स्वतःकडे ठेवला आहे. हा अधिकार खुल्या जागेतील ब्लास्टिंगसाठी वापरला गेला तर पुष्कळ काही होण्यासारखे आहे. न वापरल्यास काँप्रेसरभोवतीची सहा माणसे एकाही आकड्यात बसत नाहीत.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. वाळूचा वापर ठेकेदाराच्या अडाणीपणामुळे किंवा क्रौर्यामुळे होतो, हे अर्धसत्य आहे. वाळू एकदा मारली की तिचे पीठ होते. ती पुन्हा वापरता येत नाही. उलट पोलादाचे ग्रिट किंवा शॉट शेकडो वेळा वापरता येते. गार्नेट हा दगड काही वेळा वापरता येतो. तांब्याच्या भट्टीतून निघणारी मळी, जिला बाजारात कॉपर स्लॅग म्हणतात, ती बहुधा एकदाच वापरली जात असली तरी तिच्यात मोकळा सिलिका अत्यल्प असतो. पूर्ण आयुष्याचा हिशेब केला तर पोलादी ग्रिट वाळूहून महाग पडत नाही. पण ते वापरायचे तर खाली सांडलेले ग्रिट गोळा करणारी, चाळून धूळ वेगळी करणारी आणि पुन्हा यंत्रात नेणारी बंदिस्त खोली लागते. त्यात एकरकमी भांडवल घालावे लागते, आणि ज्याचा ठेका तीन आठवड्यांचा आहे, पुढचा मिळेल की नाही याची खात्री नाही, जागा दुसऱ्याची आहे, तो असे भांडवल गुंतवीत नाही. त्याला दर मिळतो चौरस मीटरवर, आणि तो दर ठरतो सर्वांत कमी बोलीने. या बोलीत डिझेल येते, नोजलची झीज येते, वाळूची खेप येते, मजुरी येते. फुप्फुसाची झीज येत नाही. कार्ल विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० मध्ये खासगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर एक ग्रंथ लिहिला. उद्योजक जो खर्च आपल्या वहीत न लिहिता समाजाच्या गळ्यात टाकतो, तो अपवाद नसून नफ्याच्या व्यवस्थेचा नेहमीचा भाग आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. नोजलमागे उभ्या असलेल्या माणसाइतके त्याचे उघडे उदाहरण क्वचितच सापडेल. येथे तो खर्च समाजाच्याही गळ्यात पडत नाही. तो मोलगीच्या एखाद्या पाड्यावरच्या एका झोपडीत जाऊन पडतो.

या व्यवसायातली आणखी एक बाब लक्षणीय आहे. पोलाद किती स्वच्छ झाले हे पाहण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. मूळ स्वीडनमध्ये तयार झालेल्या छायाचित्रांच्या संचाशी पत्र्याचा पृष्ठभाग ताडून पाहतात. ‘एसए अडीच’ ही पायरी गाठली, म्हणजे पुसट डागांपलीकडे काही उरले नाही, असे निरीक्षकाने लिहून दिल्याशिवाय रंगाचा पहिला हात चढत नाही. खरखरीतपणासुद्धा मायक्रॉनांत मोजतात. फुप्फुसासाठीही अगदी अशीच सोय आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने धूलिरोगाच्या क्ष-किरण चित्रांचा नमुनासंच केलेला असून रुग्णाचे चित्र त्याच्याशी ताडून रोगाची पायरी ठरविता येते. पत्र्याच्या तपासणीसाठी निरीक्षकाचा पगार निविदेतच धरलेला असतो. छातीचे चित्र काढले जाते ते मजूर गावी परतून खोकू लागल्यानंतर; आणि तेही काढले गेलेच तर.

मग काय होते? मोलगीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा त्याहून दूर नंदुरबारला एखादा पंचविशीचा तरुण दम लागतो, वजन घटते, खोकला जात नाही म्हणून येतो. आदिवासी, अर्धपोटी, खोकणारा असा मनुष्य समोर आला म्हणजे डॉक्टरच्या मनात पहिले निदान क्षयाचे येते, आणि त्यात डॉक्टरचा दोष काढता येत नाही. या भागात क्षय आहेच, आणि दोन्ही रोग एका छातीत नांदूही शकतात. औषधे सुरू होतात, गुण येत नाही, पुन्हा सुरू होतात. ‘तू काम कोठे केलेस, कोणते केलेस, किती महिने केलेस’ हा प्रश्न विचारला गेला नाही की सिलिकोसिसचे नाव कागदावर येत नाही. क्षयाचा रोगी सरकारी औषधाचा हक्कदार असतो. सिलिकोसिसचा रोगी नुकसानभरपाईचा हक्कदार असतो. एका न विचारलेल्या प्रश्नाने हा दुसरा हक्क बुडतो.

ही नुसती भीती नव्हे. नर्मदेच्या पैलतीरावर, अक्राणी-अक्कलकुव्याच्या समोर, मध्य प्रदेशचा अलिराजपूर जिल्हा आहे. तेथले आणि झाबुआ-धार भागातले भिल्ल, भिलाला मजूर गुजरातेतील गोधरा-बालासिनोर परिसरातल्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत कामाला गेले. ते ब्लास्टिंगचे काम नव्हते. काच इत्यादींसाठी गारगोटीचे पीठ करण्याचे होते. पण दगड तोच, धूळ तीच आणि मजूरही त्याच डोंगरांतला. परत आलेले लोक एकामागून एक मरू लागले. स्थानिक संघटनांनी घरोघर जाऊन नोंदी केल्या. २००६ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने नोव्हेंबर २०१० मध्ये २३८ मृतांच्या वारसांना गुजरात सरकारने प्रत्येकी तीन लाख रुपये द्यावेत आणि जिवंत असलेल्या ३०४ बाधितांचे पुनर्वसन मध्य प्रदेश सरकारने करावे, अशी शिफारस केली. गुजरात सरकारने ती भरपाई द्यावी असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश निघाला तो ४ मे २०१६ रोजी. याचिकेपासून आदेशापर्यंत दहा वर्षे गेली. ज्यांच्या घरात कर्ता पुरुष आणि त्याची बायको दोघेही गेले, त्यांच्या मुलांचे बालपण या दहा वर्षांत संपले होते.

या प्रकरणातून कार्यकर्त्यांनी घ्यावयाचा धडा भरपाईच्या रकमेत नाही, पुराव्यात आहे. रोग गुजरातेत झाला आणि मृत्यू मध्य प्रदेशात घडला. एका राज्याच्या कारखाना निरीक्षकाने रोगी पाहिला नाही आणि दुसऱ्या राज्याच्या डॉक्टरने कारखाना पाहिला नाही. ही फट बुजविली ती पाड्यांवर राहून ज्यांनी नावे, गावे, कामाची ठिकाणे आणि महिने लिहून काढले त्यांनी. १९२३ च्या भरपाई कायद्याने एकाहून अधिक मालकांकडे काम करून धूलिरोग झाला असेल तर त्या सर्वांनी मिळून भरपाई द्यावी, ही सोय केली होती. मात्र सहा ठेकेदारांकडे काम केलेल्या मजुराजवळ सहांपैकी एकाचाही कागद नसतो. हजेरी मुकादमाच्या वहीत, वही मुकादमाच्या खिशात, आणि मुकादम पुढच्या हंगामाला दुसराच.

नर्मदेचा उल्लेख आलाच आहे तर आणखी एक स्मरण करणे अस्थानी होणार नाही. सरदार सरोवराने महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित केली. ती अक्कलकुवा आणि अक्राणी याच दोन तालुक्यांतली. मणिबेलीपासून सुरू झालेला तो लढा पक्षाच्या कार्यकर्त्यांना निराळा सांगावयास नको. २०१७ मध्ये त्या धरणाचे तीस पोलादी दरवाजे खाली सोडण्यास परवानगी मिळाली आणि पाणी १३८.६८ मीटरपर्यंत चढविण्याचा मार्ग मोकळा झाला. सदैव पाण्यात राहणारे असे दरवाजे ब्लास्टिंगशिवाय रंगविता येत नाहीत, आणि काही वर्षांनी ते पुन्हा साफ करावे लागतात. त्या दरवाजांची सफाई कशी झाली हा येथे विषय नाही. परंतु नदीकाठची गाळाची जमीन ज्यांच्या हातून गेली, त्यांच्या मुलांना पोलादाच्या त्याच जगात मजूर म्हणून शिरावे लागते, ही वस्तुस्थिती आहे. जमीन असलेला मनुष्य धुळीच्या कामाला नाही म्हणू शकतो. १९७० च्या दशकात शहाद्याच्या परिसरात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांनी जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न एकत्र बांधला, तो याच कारणाने. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्रात रोजगार हमीची कल्पना रुजली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, त्याचे मोलही येथेच आहे: गावाजवळ काम मिळाले तर मुकादमाची उचल नाकारता येते.

संघटित कामगार चळवळीनेही थोडे आत्मपरीक्षण करावयास हवे. मोठ्या कारखान्यांतून कायम कामगारांनी ब्लास्टिंगचे काम नाकारले, आणि ते योग्यच केले. काही ठिकाणी त्याजागी चाकांनी ग्रिट फेकणारी बंद यंत्रे आली. तेथे नोजल धरणारा माणूसच उरला नाही. जेथे यंत्र आले नाही तेथे काम फाटकाबाहेर ठेकेदाराकडे गेले, आणि ते फाटकाबाहेर गेल्यावर युनियनच्या मागणीपत्रातूनही गेले. धोका टळला नाही, त्याचा धनी बदलला. आपल्या सभासदाची छाती वाचली याचे समाधान आणि दुसऱ्याची गेली याचे विस्मरण, ही दोन्ही एकाच वेळी घडली.

एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो, तो असा की वाळू बंद केली तर लहान ठेकेदार बुडेल आणि मोलगीच्या माणसाचा रोजगार जाईल. लहान ठेकेदार काही प्रमाणात बुडेल, हे खरे आहे. पण काम बुडणार नाही; गंज कायद्याला विचारून चढत नाही. तेच काम गार्नेटने किंवा स्लॅगने, ओल्या माऱ्याने किंवा बंद खोलीत करावे लागेल, आणि दर चढेल. तो चढलेला दर पुलाच्या किंवा टाकीच्या एकूण किमतीत इतका थोडा असतो की काम देणाऱ्याने त्याची तक्रार करणे शोभत नाही. मात्र पर्यायी कण म्हणजे निर्भय कण, असा भ्रमही नको. जुन्या रंगात शिसे असते, आणि ते कोणत्याही माऱ्याने उडते. नोजलचा आवाज कान घालवितो. ओल्या माऱ्याने धूळ कमी होते, पण पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होऊ लागतो, म्हणून निरीक्षक त्याला नाखूष असतात. शिरस्त्राण हवेच, त्यात सोडली जाणारी हवा तेलकट काँप्रेसरची नव्हे, गाळलेली आणि स्वच्छ हवी. तोंडाला गुंडाळलेले फडके पाच मायक्रॉनांचा कण अडवीत नाही, हे प्रत्येक पाड्यावर सांगितले पाहिजे. आणि जे वाळू चाळतात, वाळवतात, पाट्या वाहतात, त्यांना तर फडकेसुद्धा कोणी देत नाही; ते कोणाच्या लेखी ब्लास्टिंग करीतच नसतात.

तेव्हा मागणी कोणाकडे करावयाची? ठेकेदारामागे धावण्यात अर्थ थोडा. जो काम देतो, ज्याच्या मालकीचा पूल, टाकी किंवा नळ आहे, त्याला धरले पाहिजे. देशातील पुलांचा, बंदरांचा, तेलाच्या टाक्यांचा आणि धरणांचा फार मोठा भाग सरकारचा किंवा सार्वजनिक उपक्रमांचा आहे. त्यांच्या निविदांत सफाईची पायरी जशी लिहिलेली असते, तशीच सिलिकायुक्त कण न वापरण्याची अट, शिरस्त्राणाचा व हवेचा वेगळा दर आणि कामाआधी व कामानंतर छातीच्या क्ष-किरण चित्राचा खर्च लिहिता येईल. यासाठी नवा कायदा लागत नाही. धोकादायक कामाला संख्येची अट न लावण्याचा जो अधिकार संहितेत आहे, तो खुल्या जागेतील ब्लास्टिंगला लागू करावा ही मागणी केंद्राकडे. आणि राजस्थानने ऑक्टोबर २०१९ मध्ये धूलिरोग्यांसाठी धोरण जाहीर करून निदान होताच तीन लाख व मृत्यूनंतर वारसांस दोन लाख रुपये देण्याची व्यवस्था केली, त्या धर्तीवर मजूर ज्या राज्यात राहतो त्या राज्याने आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून किंवा दुसऱ्या राज्याकडून ते वसूल करावेत, ही मागणी महाराष्ट्र शासनाकडे. मरणाऱ्याला दोन राज्यांच्या पत्रव्यवहाराची वाट पाहावयास लावू नये. क्षयाच्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर त्याने केलेल्या कामाची नोंद व्हावी, ही मागणी आरोग्य खात्याकडे; ती तर एका परिपत्रकाने पुरी होण्यासारखी आहे.

शासन हे करील तेव्हा करील. पक्षाच्या नंदुरबार जिल्ह्यातील कार्यकर्त्यांना त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. होळीच्या आधी भोंगऱ्याचे बाजार भरतात, तेव्हा खाली गेलेले बहुतेक लोक डोंगरात परततात. काठीची होळी पाहावयास तर सारा सातपुडा लोटतो. वर्षातून हे आठ-दहा दिवस असे आहेत की कोण कोठे होता, कोणाच्या हाताखाली होता, हे माणसाच्या तोंडून ऐकता येते. मोलगीस एक वही ठेवावी. नाव, पाडा, वय. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, कोणत्या गावी, कोणत्या प्रकारचे काम. मुकादम कोण, फाटकावर पाटी कोणती होती. वाळू होती की काळी मळी होती की चकाकणारे लोखंडी दाणे. डोक्यावर टोपी दिली होती काय. सोबत काम करणारे आणखी दोघे कोण. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण पुढेमागे साक्षीला तेच उभे राहणार आहेत. मजुराला लिहिता येत नसेल तर अंगठा घ्यावा, आणि त्याच कागदाची एक प्रत त्याच्याच हाती द्यावी. खोकला असेल त्याला रुग्णालयात नेताना ही प्रत बरोबर न्यावी आणि डॉक्टरांना ती केसपेपरास जोडावयास सांगावे. धूळवड झाली की थोड्याच दिवसांत जीपा पुन्हा भरू लागतात. वही त्यापूर्वी पुरी व्हावयास हवी.